वेल्सच्या किनाऱ्यावरचा दस्तरखान

परदेशी जायचं ठरलं की आपल्या घरांत तिकिटाच्याही आधी खाण्याचा प्रश्न निघतो. "तिथे हलाल मिळतं का?" शेजारी, शाळेतले सहकारी, मशिदीबाहेर भेटणारे चाचा, सगळ्यांनी आम्हाला हेच विचारलं. आम्ही सांगायचो, आपाकडे कार्डिफला चाललो आहोत, तिथे काही कमी नाही. आणि ते खरंच आहे. कार्डिफच्या गोदीभोवती येमेनी आणि सोमाली खलाशी शंभराहून अधिक वर्षांपासून वस्ती करून आहेत. मशिदी आहेत, हलाल खाटीक आहेत, बांगलादेशी किराणा दुकानात कढीपत्तासुद्धा मिळतो. अम्मीचे वडील, आमचे नाना, बोटीवर खलाशी होते. त्यांच्या तोंडी कार्डिफचं नाव कोळशाबरोबर यायचं. बोट तिथे कोळसा भरायला लागायची. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात ज्यांनी मुंबई पाहिली नव्हती त्यांनाही कार्डिफ ऐकून माहीत होतं.

पण आपाने मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, तिथल्या शाळांना सुटी असते तेव्हा, समुद्रकाठी एक घर भाड्याने घेतलं होतं. कार्डिफपासून मोटारीने तीन तास, पेम्ब्रोकशर जिल्ह्यातलं सोल्वा गाव. तिथे ना मशीद, ना खाटीक. "मग जायचं कशाला?" आम्ही फोनवर विचारलं होतं. आपा थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अम्मीला समुद्र दिसेल. कदाचित जेवेल."

अब्बा गेल्यापासून अम्मीचं जेवण तुटलं होतं. दोन घास भात, चहात बुडवलेला पाव, बस. रत्नागिरीला डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. कार्डिफला आल्यावर पहिले दहा दिवस आपाने काय काय केलं नाही! बिर्याणी, पाये, खिमा, सांदण. अम्मी ताट पुढे ओढायची, आपाचं मन राखायला चार घास खायची आणि हात धुवायची. आपा काही बोलायची नाही. रात्री फ्रीजमध्ये डबे ठेवताना तिचा चेहरा आम्ही पाहत होतो. अब्बांच्या दफनाला तिला पोचता आलं नव्हतं, ती आली तिसऱ्या दिवशी. आईला निदान पोटभर जेवू घालावं, एवढंच तिच्या हातात उरलं होतं आणि तेही होत नव्हतं.

शनिवारी निघालो. गाडीत आठ माणसं, मागे थंड पेटीत कार्डिफच्या खाटकाकडचं मटण आणि कोंबडी, तांदळाचं पीठ, आणि अम्मीच्या पिशवीत तिने गावाहून आणलेली आमसुलं, सुकं खोबरं आणि घरचा मसाला. वाटेत स्वॉन्झीला थांबलो. तिथला मोठा बंदिस्त बाजार प्रसिद्ध आहे. आपाला भाजी घ्यायची होती. बाजाराच्या मधोमध काही गाळे गोलाकार मांडलेले, त्यांवर पांढऱ्या ताटांत काहीतरी पिवळसर-केशरी रास. आपा सरळ पुढे गेली. अम्मी थांबली.

"अगो, या तिसऱ्या!"

तिसऱ्याच नव्हेत, पण त्यांच्याच जातकुळीतल्या. इंग्रजीत त्यांना कॉकल्स म्हणतात. शिंपला जरा फुगीर, वर उभ्या रेघा. इथे त्या उकडून, सोलून वजनावर विकतात. स्वॉन्झीच्या पश्चिमेला गॉवर नावाचं द्वीपकल्प आहे, त्याच्या उत्तर बाजूला खाडी, आणि खाडीवर पेनक्लॉथ नावाचं गाव. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या ओहोटीला गाढवं घेऊन चिखलात उतरत, दाताळ्याने वाळू खरवडून, चाळणीने चाळून कॉकल्स काढत आणि स्वॉन्झीच्या बाजारात आणून विकत. आता गाढवं गेली, परवाने आले, पण त्या खाडीत आजही कॉकल्स हातानेच काढाव्या लागतात. गाळ्यावरची बाई हे सांगत होती आणि आपा भाषांतर करत होती. अम्मीने मधेच हाताने खरवडल्याची खूण करून दाखवली, बाई हसली आणि तिनेही तशीच खूण केली. पुढचं भाषांतर लागलं नाही. लहानपणी अम्मीने खाडीत हेच केलं आहे, गुडघाभर चिखलात, परकराचा ओचा खोचून.

बाईने कागदी वाटीत थोड्या कॉकल्स घातल्या, वर सिरका आणि पांढरी मिरपूड. अम्मीने बिस्मिल्ला म्हटलं आणि खाल्ल्या. वाटी रिकामी केली. मग म्हणाली, "अर्धा किलो घे."

आपा म्हणाली, "अम्मी, खाणार कोण?"

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आम्ही कोकणी माणसं शाफई. दुल्हाभाई सोलापूरचे, हनफी. हनफी मसलकात पाण्यातल्या जिवांपैकी मासा तेवढा हलाल, शिंपल्यातले जीव नाहीत. शाफईंकडे या बाबतीत मोकळीक मोठी. (खेकड्याबद्दल आमच्यातही आलिमांची मतं वेगवेगळी आहेत, तो विषय इथे नको. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावं.) अशी लग्नं आता घरोघरी होतात आणि कुणाचं काही अडत नाही. नमाजेत आमीन कुणी मोठ्याने म्हणतं, कुणी मनात. पण स्वयंपाकघरात काय होतं ते बायकाच जाणतात.

"खाणार कोण म्हणजे? तू नाही खात?" अम्मीने विचारलं.

आपा भाजीच्या पिशव्या या हातातून त्या हातात घेत राहिली. मग म्हणाली, "लग्नापासून नाही केल्या."

१९ वर्षं! गावी ती यायची जुलै-ऑगस्टमध्ये, मुलांच्या सुटीत. त्या दिवसांत खाडीला पूर, तिसऱ्या कुठल्या? त्यामुळे आमच्याही कधी लक्षात आलं नाही. दुल्हाभाई मागेच उभे होते. ते गोरेमोरे झाले. "मी कधी मना केलं?" ते म्हणाले. आपा म्हणाली, "तुम्ही मना नाही केलं. एकटीपुरतं कोण शिजवतं?"

अर्धा किलोचा एक किलो झाला. पैसे अम्मीनेच दिले, आपण आणलेल्या पौंडांतून मोजून.

सोल्व्याला पोचलो तेव्हा ओहोटी होती. दोन उंच टेकड्यांमध्ये समुद्र वाकडातिकडा आत शिरलेला, आपल्या खाड्यांसारखाच. पाणी पार ओसरलेलं आणि होड्या चिखलात कलंडून पडलेल्या. या सगळ्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक फार मोठा असतो. पलीकडच्या ब्रिस्टल खाडीतला तर जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. अम्मी खिडकीत बसली आणि चांदाची तारीख मोजून म्हणाली, उधाण अमुक दिवशी येईल. घराच्या भिंतीवर भरतीचं छापील वेळापत्रक होतं. मुलांनी ताडून पाहिलं. बरोबर निघालं. आमची मुलं भूगोलाच्या पुस्तकात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण शिकतात, पण दादीला ते कुठल्या शाळेत शिकवलं होतं, असा प्रश्न धाकट्याला पडला.

टेबलावर घरमालकिणीने पावासारखं काहीतरी फडक्यात गुंडाळून ठेवलेलं, सोबत चिठ्ठी: बारा ब्रिथ. मुलांना हसू आवरेना. वेल्श भाषेत बारा म्हणजे पाव आणि ब्रिथ म्हणजे ठिपक्यांचा. मनुका-बेदाणे रात्रभर चहात भिजवायचे, सकाळी त्यात पीठ, साखर, अंडं आणि थोडा गरम मसाला घालून भाजायचं. बहुतेक घरांत यात चरबी घालतच नाहीत. पण आपल्याला विचारल्याशिवाय चैन पडत नाही. शेजारीच राहणाऱ्या त्या म्हाताऱ्या मालकिणीला आपाने जाऊन विचारलं. ती स्वतः येऊन पाककृती सांगून गेली, चहा किती कडक हवा तेसुद्धा. अम्मीने काप चहात बुडवून खाल्ला. म्हणाली, "चहातलंच आहे, चहातच जाऊ दे."

विचारणं हे त्या आठवड्यातलं आमचं मोठं काम होतं. वाचकांपैकी कुणी त्या बाजूला गेलं तर उपयोगी पडेल म्हणून लिहितो. वेल्श केक नावाच्या छोट्या चपट्या गोड पोळ्या लोखंडी तव्यावर भाजतात, आपल्याकडे खापरोळी करतात तशा एकेक उलटून. जुन्या रीतीत त्यांत डुकराची चरबी, म्हणजे लार्ड, पडते. आता पुष्कळ ठिकाणी नुसतं लोणी असतं. विचारा, सांगतात. मासा आणि बटाट्याच्या चिप्स कुठे तेलात तळतात, कुठे गुरांच्या चरबीत, आणि माशाच्या पिठात काही ठिकाणी बिअर घालतात. हेही विचारा. चीजसाठी वासराच्या पोटातलं विरजण वापरलेलं असू शकतं, म्हणून वेष्टनावर शाकाहारी लिहिलेलं पाहून घ्यावं. केअरफिली नावाचं पांढरं, भुसभुशीत, किंचित आंबट चीज आम्हाला असंच मिळालं आणि मुलांनी दोन दिवसांत संपवलं.

एकदा विचारूनही चुकलं. एका खानावळीत लेव्हरब्रेड मागवला. नावात ब्रेड असला तरी तो पाव नव्हे, समुद्रातलं शेवाळ आहे. खडकांवर पातळ पापुद्र्यासारखं वाढतं. ते धुऊन तासन् तास शिजवतात, मग काळपट हिरवा लगदा होतो. त्यात ओटचं पीठ घालून वड्या तळतात. शाकाहारी आहे ना, असं विचारलं, हो म्हणाले. ताट आलं तेव्हा वड्या डुकराच्या मांसाच्या पट्ट्यांशेजारी, त्याच चरबीत तळलेल्या. वाढणाऱ्या पोरीचा बिचारीचा दोष नव्हता, वडीत मांस नाही एवढंच तिला ठाऊक. तिने ताट परत नेलं, पैसेही घेतले नाहीत. पण अम्मीने त्यानंतर तिथलं पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि बाहेर आल्यावर आपा रडवेली झाली. आईला आणलं आणि हे पुढे ठेवलं, असं तिच्या मनात आलं असणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानातून शेवाळाचा नुसता लगदा आणला. त्यात ओटचं पीठ, लसूण, हिरवी मिरची, मीठ. वड्या थापून तेलात तळल्या. चवीला अळूच्या जवळ, मागून समुद्राचा वास. धाकट्याने सात खाल्ल्या. अम्मीने एक खाल्ली आणि "पोटाला बरं असेल," एवढंच म्हणाली. सगळंच आवडलं असं कशाला लिहायचं?

त्याच शेवाळासाठी फ्रेशवॉटर वेस्टच्या किनाऱ्यावर एक झोपडी पाहिली. गवताने शाकारलेली, वाळूच्या टेकाडावर एकटी. पूर्वी अशा वीसेक होत्या. अँगल गावच्या बायका शेवाळ गोळा करून त्यांत सुकवत आणि पुढे स्वॉन्झीकडे पाठवत. आता ही एक दुरुस्त करून ठेवली आहे. मुलांना तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच किनाऱ्यावर हॅरी पॉटरच्या सिनेमाचं चित्रीकरण झालं आहे, त्यातल्या डॉबीची कबर शोधायला ती धावली. अम्मीने विचारलं, कुणाची कबर? आपाने समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "जिवंत नव्हताच त्याची?" आणि झोपडीच्या सावलीत बसून राहिली.

तिसऱ्या मात्र पहिल्या रविवारीच झाल्या. अम्मीने कुणाला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. "शिंपल्याशिवाय तिसऱ्या म्हणजे हाडाशिवाय पाये," अशी कुरकुर करत तिने कांदा चिरला. खोबरं भाजून, लसूण घालून मिक्सरमध्ये वाटण केलं, तेल तापवून मसाला टाकला. त्याबरोबर छतावरचा धुराचा भोंगा वाजायला लागला. सगळं घर दणाणलं. दुल्हाभाई खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत होते, शेजारची मालकीण धावत आली, दारात थांबली आणि वास घेऊन म्हणाली, छान आहे. तिला वाटीभर पाठवल्या. वाटी परत आली ती नव्या बटाट्यांनी भरून.

या बटाट्यांचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात येणारा पेम्ब्रोकशरचा नवा बटाटा तिथे आपल्या हापूससारखा मानाचा आहे, त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. साल इतकी पातळ की बोटाने निघते. नुसता उकडायचा, वर लोणी, मीठ. शेताच्या बांधाला पिशव्या भरून ठेवलेल्या असतात, बाजूला पैशांचा डबा, विकणारं कुणी नाही. आमच्या थोरलीने तीनदा मागे वळून पाहिलं, कुणी बघतंय का ते. कुणी नव्हतं.

तर त्या रविवारी दस्तरखान अंथरला. तांदळाच्या भाकऱ्या, तिसऱ्यांचं सुकं, आणि दुल्हाभाईंसाठी तळलेले मॅकरेल. हा मासा आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, अंगावर तशाच नक्षीदार रेघा, फक्त तेल जास्त. धक्क्यावरच्या बोटवाल्याकडून सकाळीच आणलेले. आपाने पहिला घास घेतला आणि काही बोलली नाही. अम्मी तिच्याकडे पाहत होती. मग ती स्वतः जेवायला लागली. अब्बांना तिसऱ्या फार आवडायच्या. ते गेल्यापासून अम्मीने घरात तिसऱ्या आणूच दिल्या नव्हत्या. हे आम्हाला ठाऊक होतं, आपाला नव्हतं. त्या दिवशी जेवता जेवता अम्मीने ते सांगितलं, सहज, भाकरी मोडत. मग दुसरी भाकरी मागितली.

दुल्हाभाई म्हणाले, "अम्मी, वास तर चांगला येतोय." अम्मी म्हणाली, "वास घ्यायला मसलक आड येत नाही, बेटा. घ्या." सगळे हसले, तेही हसले. तिसऱ्यांना त्यांनी हात लावला नाही, आणि कुणी आग्रहही केला नाही.

बाकीचे दिवस असेच गेले. हवा दोनदा बिघडली, तेव्हा आम्ही काउल केला. वेल्सचा हा घरोघरीचा पदार्थ, मटण, बटाटे, गाजर, सलगमासारखा स्वीड नावाचा कंद आणि लीक, म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. सगळं एका भांड्यात मंद आचेवर. मीठ-मिरीपलीकडे मसाला नाही. पाव आणि चीजबरोबर खातात. मटण आपलं हलाल, बाकी सगळं मालकिणीने सांगितलं तसं. आम्हाला तो पहिल्या दिवशी फिका लागला, दुसऱ्या दिवशी, मुरल्यावर, आवडला. अम्मी म्हणाली, बाळंतिणीला चांगला.

मे अखेरीस तिथे मगरिब सव्वानऊनंतर. मुलं अंगणात खेळत आणि आम्ही घड्याळ बघत बसायचो. किब्ला आग्नेयेकडे. गावी नमाजेला उभं राहिलं की समुद्र समोर असतो, इथे तो पाठीमागे येत होता. अम्मी पहिल्या दिवशी समुद्राकडे तोंड करूनच उभी राहिली होती, सवयीने.

मालकीण एका संध्याकाळी चहाला आली. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो हे ऐकून तिने तिच्या आजीच्या काळातली गोष्ट सांगितली. शाळेत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. तो दुसरा कुणी बोलेपर्यंत गळ्यात राही आणि दिवसाअखेरी ज्याच्या गळ्यात असे त्याला मार. आता तिची नातवंडं वेल्श शाळेतच शिकतात. मग तिने आम्हाला 'भाकरी'ला काय म्हणतात ते विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. आम्ही देवनागरीत आणि उर्दूत दोन्ही लिहून दिलं.

शनिवारी परतताना पुन्हा स्वॉन्झीला थांबलो. आपा आणि अम्मी कापडाच्या गाळ्याकडे वळल्या. दुल्हाभाई कुठे दिसेनात. दहा मिनिटांनी ते कॉकल्सच्या गाळ्याकडून आले, हातात पिशवी.

"या फ्रीजरमध्ये किती दिवस टिकतात, अम्मी?" त्यांनी विचारलं.

अम्मीने पिशवी हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला. "एवढ्या टिकायच्या नाहीत," ती म्हणाली.